मिठाचं दार लाल

आबा घरातल्या घरात हॉर्न देत. तोंडाने, "पोंऽऽ पों" असा, पहिला लांब आणि दुसरा आखूड. ओसरीतून आतल्या खोलीत वळताना एकदा, तिथून स्वयंपाकघरात वळताना एकदा, आणि मोरीच्या कोपऱ्यावर हमखास दोनदा, कारण तिथे समोरून कोण येतंय ते दिसत नसे. तळोदा ते धडगाव, चांदसैलीच्या घाटातून, पस्तीस वर्षं त्यांनी सवारीची जीप चालवली होती. जीप विकून तीन वर्षं झाली होती, पण घाट काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. मी खोली बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा आतून हॉर्न ऐकून मला वाटलं, घरात लहान मूल आहे. बाहेर आले ते पांढरी टोपी घातलेले सत्तरीचे गृहस्थ. मी उंबऱ्यातच उभी होते. ते म्हणाले, "डाव्या बाजूले व्हा, बाई."

मी कराडकडची. तळोद्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला आले होते, आणि पहिले सहा महिने मला भाजीवालीचं बोलणं कळत नव्हतं आणि माझं तिला. त्या गावात मला अहिराणी शिकवली ती आबांनी आणि जिजींनी. जिजी म्हणजे आबांच्या पत्नी. मुलगा त्यांना जिजी म्हणे, म्हणून सगळी गल्ली म्हणे, आणि आबासुद्धा तेच म्हणत. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. घरात दोघंच, वर गच्चीवरच्या खोलीत मी.

खोली भाड्याने घेताना जेवणाचं काही ठरलं नव्हतं. पण आबांचा एक नियम होता. सीट भरल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसं चार माणसं बसल्याशिवाय त्यांच्या घरी ताट वाढलं जात नसे. दोघं तर ते स्वतःच होते. तिसरी मी. चौथ्यासाठी ते ओसरीत उभे राहून ओरडत, "एक सीट! एक सीट! निंघी ऱ्हायनी गाडी!" रस्त्याने जाणारा कुणीही ओळखीचा आत ओढला जाई. एकदा चौथा माणूस मिळेना, तेव्हा आबांनी सायकलवरून चाललेल्या एका अगदी अनोळखी माणसाला बसवलं. तो बिचारा पत्ता विचारायला थांबला होता. जेवून उठल्यावर आबांनी त्याला पत्ता सांगितला. ते घर अगदी समोरचं होतं.

जिजी या सगळ्यात शांत असत. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, हाताला प्रचंड उरक. ओट्यासमोर उभ्या राहिल्या की मागे न बघता डबा काढत, मागे न बघता ठेवत. म्हणून त्या हिवाळ्यात एका सकाळी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा मला काही समजेना. चहात साखरेऐवजी मीठ होतं. मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे रोखून बघितलं, बशी ओठाला लावली, सगळा चहा संपवला आणि मोठ्याने म्हणाले, "वा! झकास शे." मग मीही संपवला. आठवड्याभरात वरणात साखर आली, शिऱ्यात वेलचीच्या जागी धन्याची पूड आली. आबा प्रत्येक वेळी "वा" म्हणत. जिजी मात्र गप्प होत जात होत्या. एक दिवस आबांनी त्यांना नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर गेले.

काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगल्या स्वभावाचे होते. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. उठता उठता म्हणाले, "घरात उजेड भरपूर ठेवा. वस्तूंच्या जागा बदलू नका. आणि जमलं तर वापरातल्या गोष्टींना भडक रंग द्या, ओळखायला बरं पडतं."

या तीन गोष्टींपैकी आबांनी फक्त तिसरी ऐकली.

परतीच्या वाटेवर तळोदा आलं तेव्हा आबा म्हणाले, "बाई, आपला स्वैपाकघरमा कपाटले दारे किती शेतस?" मी म्हटलं, मोजली नाहीत. जिजींनी खिडकीबाहेर तोंड ठेवूनच उत्तर दिलं, "अकरा."

ओट्याखाली सहा आणि भिंतीवर पाच, अशी ती अकरा दारं प्लायवूडची होती. मूळचा चॉकलेटी रंग वाफेने आणि फोडणीने काळवंडला होता. उन्हाळा लागला तसं आबांनी गावातल्या एका पेंटरला बोलावलं आणि अकरा दारांना अकरा रंग द्यायचे आहेत म्हणून सांगितलं. पेंटर हसला. म्हणाला, "आबा, आते सगळा पांढरा मारतस. सुरतले जाईसन देखा. हॉटेलसारखं दिसस."

"मन्ही बायको हॉटेलमा स्वैपाक करस का?" आबांनी विचारलं आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं. चहा न देता त्या घरातून गेलेला माझ्या माहितीतला तो एकटाच माणूस. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जीप मी चार डाव रंगाडी. कपाटले ते चाकंबी नहीत."

रंग आणायला मी बरोबर होते. हार्डवेअरच्या दुकानातले चाचा आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. आबांनी अकरा रंगांचे सगळ्यात छोटे डबे मागितले तेव्हा चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "आबा, किचन रंगाना है, या बारात निकालनी है?" आबांनी कारण सांगितलं. चाचांनी शेडकार्ड उघडलं आणि दोघं म्हातारे डोकं लावून बसले. कोणत्या डब्याला कोणता रंग हे ठरवायला त्यांना पूर्ण दुपार लागली. आबांच्या रस्त्यावर आयुष्यभरात एकही सिग्नल आला नव्हता, घाटात कोण लावणार. पण सिग्नलबद्दल त्यांना फार आदर होता. त्यामुळे मीठ लाल, तिखट पिवळं आणि साखर हिरवी हे आधीच पक्कं झालं होतं. उरलेल्यांचं भांडण होतं. चहा निळ्यात गेला, आमचूर केशरीत, आणि सगळ्यात शेवटी हळदीसाठी जांभळा तेवढा राहिला.

घरी आल्यावर जिजींनी यादी ऐकली.

"हळद जांभळी?"

"मंग? पिवळा तिखटले गया."

"तिखटले लाल द्या ना मंग."

"लाल मीठले गया. मीठ जास्त पडनं ते बीपी वाढस. जठे धोका, तठे लाल."

जिजींनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे. "बाई," त्या म्हणाल्या, "तू सुटीमा गावले जाय." पण मी त्या सुट्टीत गेले नाही. तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. असं काही घडत असताना कराडला जाऊन काय करायचं होतं?

स्वयंपाकघर रिकामं झालं. जिजींचा संसार माझ्या खोलीतल्या एका शेगडीवर आला, आणि आबा जिन्याच्या वळणावर हॉर्न देत दिवसातून दहा वेळा वर येऊ लागले. त्यांनी अकराही दारं काढली, प्रत्येकाच्या मागे खडूने मोठ्या हौसेने नंबर घातला, गाडीच्या पाटीवर घालतात तसा. मग दारांवर फार तेलकटपणा आहे असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी सगळी दारं अंगणात मांडली, साबण लावला आणि पाइपाने स्वच्छ धुऊन काढली. पुढून आणि मागून.

नंबर गेले हे कळल्यावर ते थोडा वेळ ओल्या दारांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काही हरकत नही. सवारी उतरनी का आपापला घरले जासच."

दारं पॉलिशपेपरने घासायचं काम मोठं होतं. आबांनी त्याच्यावर उपाय काढला. घरी येईल त्याने आधी दार घासायचं, मग चहा. विम्याचा एजंट आला, त्याने अर्धं दार घासलं आणि पुन्हा विम्याचं नाव काढलं नाही. लग्नाची पत्रिका द्यायला एक जोडपं आलं होतं, नवरदेवाचे आईवडील. वडिलांच्या अंगावर नवा सफारी होता. ते जरा घुटमळले तेव्हा आबा म्हणाले, "घाटमा गाडी बंद पडनी का सगळा उतरीसन धक्का मारतस. तठे कोणी सफारी देखस का?" ते दोघं शेजारी शेजारी बसून घासू लागले, आणि घासता घासता मुलीकडच्यांबद्दल इतकं मोकळेपणाने बोलले, की पत्रिका द्यायची विसरून निघून गेले. लग्न कुठे होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यांत जास्त दारं घासली ती वेस्तादादांनी. ते धडगावच्या वरच्या डोंगरातले, आबांचे जुने प्रवासी. दर उन्हाळ्यात घरच्या कैऱ्यांच्या आमचुराचं गाठोडं ते जिजींसाठी घेऊन येत. घरी त्यांची भाषा पावरी, आमच्याशी बोलताना मोजकी मराठी. आले, गाठोडं ठेवलं, हातात दिलेला कागद घेतला आणि तीन दारं आरशासारखी केली. मग विचारलं, "आबा, घर विकतो का?"

"नही रे. जिजीले दिसत नही म्हणून रंग देतो."

वेस्तादादांनी दाराकडे बघितलं, मग जिजींकडे बघितलं. "डोळे जिजीचे गेले," ते म्हणाले, "आणि औषध दाराला?"

तिसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात मारून झाला तेव्हा वेस्तादादा निघता निघता तिखटाच्या पिवळ्या दाराशी थांबले, ते वाळलंय की नाही हे बघायला त्यांनी त्यावर अंगठा दाबला, आणि तो असा खोल उमटला की एखाद्या कागदपत्रावर लावलाय असं वाटावं. आबा म्हणाले, राहू द्या, दुसऱ्या हातात भरून निघेल. नाही निघाला.

त्या दारांचं जे जे व्हायचं ते सगळं झालं. हिरवं दार गच्चीवर वाळत होतं तेव्हा वावटळ आली आणि धूळ त्याच्यावर कायमची बसली. निळं दार आबांनी वर्तमानपत्रावर पालथं ठेवलं. उचललं तेव्हा त्याला एका शोकसंदेशाचा कोपरा चिकटला होता, तो खरवडून अर्धाच निघाला. जांभळ्यावर रंग इतका जाड बसला की तुपासारखे ओघळ आले. आणि लाल दार कुंपणाला टेकून ठेवलं होतं, त्याला शेजारच्या कमलबाईंची पांढरी शेळी मनसोक्त अंग घासून गेली.

कमलबाई शेळीला कानाला धरून घेऊन आल्या. शेळी एका बाजूने पांढरी होती आणि एका बाजूने लाल.

"हाई काय कयं मन्ही बकरीनं?"

आबा उकिडवे बसले. आधी त्यांनी शेळी तपासली, मग दार तपासलं. दारावर शेळीचे केस उभे आडवे रुतून बसले होते. ते उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "कमलबाई, तुन्ही बकरीना निम्मा केस मन्हा दारवर शेतस. त्या आधी वापस ली जाय. मंग मी मन्हा रंग वापस लेस."

शेळी पुढे दोन महिने लालच होती, आणि गल्लीतली पोरं तिला सिग्नल म्हणत.

एकोणीस दिवसांनी दारं बसवायला घेतली. कुठलं कुठे जायचं ते दारांना ठाऊक होतं, पण आबांना नव्हतं. बिजागरीची भोकं कुठे जुळत, कुठे बोटभर सरकलेली असत. मिठाचं लाल दार मिठाच्या कप्प्याला काही केल्या लागेना. ते ओट्याखालच्या शेवटच्या कप्प्याला मात्र असं चपखल बसलं की पुन्हा काढायची आबांना इच्छा होईना. तीन दिवस झटापट केल्यावर त्यांनी निर्णय घेतला. "दार हालत नही ना? मंग सामान हालाडू." आणि त्यांनी सगळं सामान दारांच्या मागे मागे हलवलं. ज्या स्वयंपाकघरात जिजी मागे न बघता हात घालत, तिथली एकही वस्तू आपल्या जागेवर राहिली नाही.

मी म्हटलं, "आबा, डॉक्टर म्हणाले होते जागा बदलू नका."

"जागा बदलनी ते काय व्हयनं? रंग शे ना!"

मग परीक्षा झाली. चाचांना मुद्दाम बोलावलं होतं, कमलबाई आपण होऊन आल्या होत्या. स्वयंपाकघर म्हणजे जत्रेतलं दुकान दिसत होतं. आबांनी जिजींना मधोमध उभं केलं आणि विचारलं, "मीठ?" जिजी पुढे झाल्या, दारांवरून हात फिरवत गेल्या, लाल दार उघडलं, बरणी काढली. "साखर?" हिरवं दार. "तिखट? चहा? आमचूर?" अकराच्या अकरा बरोबर. वेळ लागत होता, पण चूक नव्हती. चाचांनी टाळ्या वाजवल्या. आबा तर नाचायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवसापासून जीपच्या थांब्यावर जाऊन ते प्रत्येकाला सांगू लागले, की काचबिंदूवर ऑईलपेंट चांगला.

मला खरं काय ते त्याच आठवड्यात कळलं. मी भुईमुगाच्या शेंगा सोलत ओट्याशी बसले होते. जिजी मिठासाठी वळल्या आणि पुटपुटल्या, "बकरी." मग साखरेसाठी, "धूळ." तिखटासाठी, "वेस्ता." डाळीचं दार गुळगुळीत होतं, ते त्यांनी कडेपासून मोजून काढलं. मी सोलायची थांबले.

"जिजी, तुम्हाला रंग दिसत नाहीत?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "त्यासले सांगू नको."

मग हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. "रंग नीट बसता ना, बाई, ते मी उपाशी मरती. त्यास्नी काम बिघाडं, म्हणून मले सापडस."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सुरतेहून मुलगा आणि सून यायचे ठरले, आणि आबांना आपल्या कामातले दोष दिसू लागले. सूनबाई शहरातली. शेळीचे केस, अंगठा, शोकसंदेशाचा कोपरा, हे सगळं तिने बघितलं तर काय म्हणेल? एका सकाळी ते नवा पॉलिशपेपर आणि लाल रंगाचा उरलेला डबा घेऊन स्वयंपाकघरात आले. हॉर्न देत.

जिजींनी लाल दारापुढे पाट मांडला होता. लसणाची परडी मांडीवर घेऊन त्या दाराला पाठ टेकून बसल्या होत्या.

"बाजूले व्हय."

जिजी लसूण सोलत राहिल्या.

"पोंऽऽ पों."

जिजी लसूण सोलत राहिल्या. आबा तासाभराने पुन्हा आले, मग आणखी तासाभराने. दुपारचं जेवण झालं नाही. मी मधे पडायचा प्रयत्न केला, की आबा, दार छान आहे, शेळीमुळे त्याला शोभाच आली आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वर निघून जावंसं वाटलं. शेवटी ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "जिजी, हाई काय चालू शे?"

जिजींनी परडी खाली ठेवली. "मले रंग दिसत नहीत," त्या म्हणाल्या. "हाई दारले बकरीना केस शेतस, म्हणून मले मीठ सापडस. त्या घासू नका."

आबांच्या हातातला कागद खाली आला. ते समोरच्या भिंतीला टेकून हळूहळू बसले.

"निळाबी नही?"

"नही."

"हिरवा?"

"नही."

त्यांनी एकेक करून अकराही रंग विचारले. कुणी एखाद्या गावात जाऊन घरोघरी आपल्या माणसाचा पत्ता विचारावा, तसे. जिजींनी अकरा वेळा नही म्हटलं. मी दारातच उभी राहिले, कारण आत जाता येत नव्हतं आणि बाहेरही.

आबा उठले, बाहेर गेले. मला वाटलं, आता दोन दिवस घरी येत नाहीत. अर्ध्या तासात परत आले ते कमलबाईंशी भांडूनच. त्यांनी शेळी मागितली होती, चार दारांसाठी, तासाभराकरता. कमलबाईंनी दिली नाही.

"चार दारे लई गुळगुळीत शेतस," आबा मला म्हणाले. "त्या तिले कशा सापडतीन?"

मग त्यांनी डोळ्यांवर टुवाल बांधला आणि जिजींना म्हणाले, आता मला शिकव. दोन दिवस तो माणूस डोळे बांधून स्वतःच रंगवलेल्या दारांवरून हात फिरवत होता. जिजी सांगत होत्या, हा वेस्ता, ही धूळ. चारदा त्यांचं डोकं वरच्या दारावर आपटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला रंग काढला आणि चार चांगली दारं मन लावून बिघडवली. डाळीच्या ओल्या दारावर मूठभर तुरीची डाळ फेकली. एकावर कंगव्याने रेघा ओढल्या. एकावर बाटलीची बुचं दाबून बसवली. चौथ्यासाठी काही सुचेना, तेव्हा खुंटीवरची जीपची जुनी किल्ली काढली. जीप विकताना तिची दुसरी किल्ली सापडत नाही असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. ती त्यांनी रंगात रुतवली आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.

मुलगा आणि सून आले. मुलाने स्वयंपाकघराच्या दारातून आत बघितलं, मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि विचारलं, "आबा, हे काय आहे?"

"रस्ता शे," आबा म्हणाले. "तुले गाडी चालाडता येत नही, तुले नही समजाव."

सूनबाई मात्र डोळे मिटून डाळीच्या दारावरून हात फिरवत उभी राहिली. तिच्याविषयी आबांचं मत त्या दिवसापासून फार चांगलं झालं.

पुढच्या वर्षी माझी बदली साताऱ्याकडे झाली. निघताना आबा जीपच्या थांब्यापर्यंत आले, नंदुरबारच्या जीपमध्ये मला पुढची सीट मिळावी म्हणून दोन माणसांशी भांडले, आणि जीप सुटल्यावर ड्रायव्हरच्या बाजूने धावत धावत त्याला गिअर बदल म्हणून ओरडले. त्यानंतर आमचं फोनवरच बोलणं होई. ते फोन उचलला की आधी विचारत, "कोठे पोहोचन्या?" मी घरीच असे.

ते गेले ते वेस्तादादांच्या नातीच्या लग्नाला निघाले असताना. सकाळची वेळ, धडगावची सवारीची जीप, पुढच्या सीटवर खिडकीशी आबा. त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना वचकून असत, कारण पुढे बसले की ते प्रत्येक वळणावर हुकूम सोडत. त्या दिवशी ड्रायव्हरला वाटलं, आबा आज खूश दिसतात. पूर्ण चांदसैलीचा घाट चढून झाला आणि आबांनी त्याला एकदाही काही शिकवलं नाही, तेव्हा त्याने घाबरून गाडी कडेला घेतली.

मला जायला जमलं ते महिन्याने. घरात जिजी एकट्याच होत्या. मुलगा सुरतेला चला म्हणत होता, सून रोज दोनदा फोन करत होती. जिजी म्हणाल्या, जाईन, पण आता नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा केला. मी मदत करायला उठले तर मला हाताने मागे सारलं. हात दारांवरून गेला, निळ्यावरच्या कागदाच्या कोपऱ्याशी थांबला, मग हिरव्यावरच्या धुळीशी. चहा व्यवस्थित गोड होता.

कप घेऊन त्या जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून, तोंड समोरच्या दारांकडे. मी लाल दाराशी उभ्यानेच चहा पीत होते. मी म्हटलं, "जिजी, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत."

"काय सांगं?"

"रंग दिसत नाहीत ते."

जिजींनी एक घोट घेतला. "ते खोटं व्हतं," त्या म्हणाल्या. "लाल दिसस मले. धुक्यामा दिवा दिसस ना, तसा. बाकी काही नही, लाल तेवढा दिसस."

"मग आबांना का नाही सांगितलं? त्यांनी किती आशेने विचारलं होतं!"

"एक दिसस, असं सांगं असतं ते काय व्हतं, बाई?" जिजींनी कप खाली ठेवला. "अकराबी दारे लाल! मंग मीठ कोठे नि साखर कोठे?"

मला हसू आलं, आणि ते थांबवता येईना. जिजीही हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मान थोडी डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, कुणाच्या तरी खांद्यावरून बघायचा प्रयत्न करावा तशी.

"जरा बाजूले सरक, बाई," त्या म्हणाल्या. "तू आडी उनी."